जोडीचा हिरवा कोट

ब्रिनला यंदा हॅलोवीनला डायनोसॉर व्हायचं होतं. हिरवाच, आणि लांब शेपटीचा. तिच्या आजीने, आर्लीसने, दुकानातला तयार पोशाख हातात घेतला, किंमत वाचली आणि गुपचूप परत टांगला. शाळेच्या स्वयंपाकघरातलं तिचं काम सप्टेंबरपासून अर्ध्या वेळेवर आलं होतं. चर्चच्या तळघरात जुने कपडे मिळत, पण तिथे भोपळ्याचा एक पोशाख तेवढा उरला होता, तोही दोन वर्षांच्या पोराच्या मापाचा.

"घरात हिरवं कापड म्हणून काहीच नाही तुझ्याकडे?" शेजारच्या बेव्हने विचारलं.

होतं. दाराजवळच्या खुंटीवर जोडीचा लोकरी कोट होता. जोडी म्हणजे आर्लीसची लेक, ब्रिनची आई. मार्चमध्ये एका माणसाच्या गाडीत बसून 'दोन आठवड्यांत येते' म्हणून गेली. जूनपर्यंत तिचे फोन येत होते, मग नंबरच बंद झाला. ब्रिनने विचारलं की आर्लीस म्हणे, "येईल गं." म्हणता म्हणता तिला त्याची सवयच होऊन गेली.

हॅलोवीनच्या दिवशी सकाळी ब्रिन शाळेत गेल्यावर तिने कोट टेबलावर पसरला. खिशातून केसांचं रबर निघालं, त्यात दोन-तीन लांब केस अडकलेले. ते तिने बशीत ठेवलं आणि कात्री चालवली. पहिला काप जपून घेतला. मग मात्र रागच आला, आणि रागाच्या भरात काम भराभर उरकलं. बाह्या आखूड केल्या, खालच्या घेरातून शेपटी काढून तिच्यात जुने मोजे कोंबले. पाठीवर भांडी घासायच्या स्पंजचे काटे लावले आणि दुधाचा प्लॅस्टिकचा कॅन कापून दात केले. कोटाच्या टोपीला दात शिवून झाले तेव्हा तिचं तिलाच हसू आलं.

ब्रिन आली, आनंदाने किंचाळली, दप्तर टाकून पोशाख अंगात चढवलाही. शेपटी हलवत दोन गिरक्या घेतल्या आणि एकदम थांबली. बाही नाकाशी नेली. खुंटीकडे पाहिलं.

"आजी, हा आईचा कोट आहे."

"नुसता लटकून होता गं."

"तू कापलास?"

"शेपटी बघ तरी कशी झालीय..."

"मग ती आल्यावर काय घालेल?" ब्रिनचा आवाज चढला. "थंडी पडली की कोट न्यायला येणारच होती ती! मी रोज बघत होते, आहे ना म्हणून."

"तिला दुसरा घेऊ आपण."

"कशाने? माझ्या ड्रेसला तरी पैसे होते का तुझ्याकडे?"

ब्रिनने कोट उतरवला, कचऱ्याच्या डब्यातून कापडाचे तुकडे एकेक करून वेचले आणि टेबलावर आणून ठेवले. "परत शीव."

आर्लीस खरंच बसली. शेपटी उसवली, मोजे काढले, तुकडे जुळवून पाहिले. लोकरीच्या कडा हातातच विरत होत्या. बाहेर बर्फाची भुरभुर सुरू झाली होती आणि पोशाखांवर जाकिटं चढवलेली पोरं चॉकलेटं मागत दारोदार फिरू लागली होती. "ब्रिन, चल, आम्ही निघालो!" बेव्हने अंगणातून हाक मारली. ब्रिन जागची हलली नाही. थोड्या वेळाने पावलं पुढच्या घराकडे गेली.

"नाही जमत, बाळा," आर्लीस म्हणाली.

"ती येणारच नाहीये ना?"

नेहमीचे शब्द ओठावर आले होते. ते तिने गिळले. "नाही. मला नाही वाटत येईल."

ब्रिन रडली नाही. रडली असती तर जवळ घेता आलं असतं. बेल वाजली तशी ती स्वस्तातल्या चॉकलेटांचं भांडं उचलून दाराशी गेली. चिमण्या आवाजात कुणीतरी विचारलं, "तू काय झालीयेस?"

"काही नाही," ब्रिन म्हणाली. "दोन घे."

दार लोटून ती परत आली. भांड्याच्या तळाशी तीन-चार चॉकलेटं उरली होती.

"बाहेरचा दिवा घालवू का? मग कुणी येणार नाही."

"घालव," आर्लीस म्हणाली.