परत दिलेली खेळी

दाजींनी घोडा उचलला आणि लगेच जीभ चावली. घोडा हलला की मागचा हत्ती उघडा पडत होता, आणि पंचांचा काळा उंट पटाच्या दुसऱ्या टोकाला नेमकी त्याचीच वाट बघत होता.

आता समोरून काय ऐकायला मिळणार, ते दाजींना पाठ होतं. हात लावला ती सोंगटी खेळायची.

पंच म्हणजे त्यांचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. नोकरी वजनमाप खात्यात. बुद्धिबळाच्या स्पर्धांना अधूनमधून पंच म्हणून जायचे, तेव्हा घरातही तेच नाव पडलं. माणूस नियमाचा इतका पक्का, की भाजी घ्यायला गेला तरी भाजीच्या आधी तराजूचा काटा बघायचा. तीस वर्षं दर रविवारी दुपारी ते दाजींच्या पुस्तक-बाइंडिंगच्या खोलीत यायचे, टेबलावरचे पुठ्ठे आणि खळीचं भांडं बाजूला सारून पट मांडायचे, आणि दाजींना हरवून घरी जायचे. एकदा दाजी अंगात ताप घेऊन खेळायला बसले होते. तेव्हा भलतंच प्यादं उचललं गेलं, तर पंच म्हणाले होते, "तापाचा नियमात उल्लेख नाही."

आज पंच म्हणाले, "परत घ्या, दाजी. हत्ती मरतोय तुमचा."

दाजींनी मान वर केली. पंच पटाकडेच बघत होते. एरवी आल्याआल्या ते पिशवी खुंटीला अडकवायचे. आज ती मांडीवर होती, आणि तिच्यावर त्यांचा डावा हात.

ताईच्या, म्हणजे दाजींच्या बायकोच्या, काखेत गाठ आली होती. नऊ दिवसांपूर्वी डॉक्टरांनी तिचा तुकडा काढून तपासायला पाठवला होता. पंचांचं ऑफिस हॉस्पिटलच्या मागेच, म्हणून रिपोर्ट तेच आणणार होते. दारातून आत येताना, कोणी विचारायच्या आधीच, ते म्हणाले होते, "अजून आला नाही. उद्या देतो म्हणाले."

दाजींची नजर पुन्हा त्या पिशवीवर गेली. विचारायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. आतल्या खोलीत ताई एका जाडजूड ग्रंथाची शिलाई करत होती. घड्या घातलेल्या छापील पानांचे फर्मे टेबलावर ठोकून सारखे केल्याचा आवाज येत होता. इथे विचारलं असतं तर उत्तर तिथेही ऐकू गेलं असतं.

त्यांनी घोडा जागेवर ठेवला आणि हत्ती बाजूला घेतला. मग पट नीट पाहिला, आणि त्यांना आणखी एक धक्का बसला. ते जिंकत होते. पंचांची दोन प्यादी आणि एक उंट फुकट गेला होता, आणि ते गेले कधी ते दाजींना कळलंही नव्हतं. तीस वर्षांत दाजी जिंकले होते दोनदा.

ताईला सोंगट्यांतलं काही कळत नसे, पण निकालातलं कळत असे. चहा घेऊन आली की ती विचारायची, "किती खेळ्यांत हरलात?" आज जर ऐकलं की पंच हरले, तर तिला आणखी काही सांगावं लागणार नव्हतं. आजचा दिवस तरी तिला मिळावा, एवढंच दाजींना वाटत होतं. उद्या काय ते बघता आलं असतं.

त्यांनी वजीर उचलला आणि पंचांच्या प्याद्याच्या तोंडी नेऊन ठेवला.

"दाजी, वजीर," पंच हळूच म्हणाले.

"घे."

"अहो, पण तुम्ही..."

"घे म्हणतो ना. नेहमीसारखा खेळ." दाजींनी आतल्या दाराकडे डोळ्यांनी खूण केली.

पंचांना उमगलं. त्यांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला. मग प्याद्यानं वजीर मारला आणि आवाज चढवला.

"किती वेळा सांगितलं, वजीर इतक्या लवकर बाहेर काढायचा नाही! आधी घोडे, उंट बाहेर आणा. मग किल्लेकोट करा. राजाची सोय लावल्याशिवाय हल्ले कसले करताय?"

"माझा राजा आहे. मी बघून घेईन."

"काय बघणार? उगाच प्यादी पुढे ढकलता. प्यादं एकदा पुढे गेलं की मागे..."

दाजींनी घाईघाईनं हत्तीही देऊन टाकला. पंचांनी तो घेतला. दोघं भराभर खेळत होते, एक द्यायला बघत होता, दुसरा नाइलाजानं घेत होता. इतका वाईट डाव पंचांनी शाळकरी मुलांच्या स्पर्धेतही कधी पाहिला नव्हता. आतला ठोकण्याचा आवाज केव्हाच थांबला होता, ते दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

"शह," पंच म्हणाले. मग थोड्या वेळानं, "आणि मात."

ताई बोटातलं अंगुस्तान काढत दारात आली. हातात चहा नव्हता.

"हरलो," दाजी तिच्याकडे न बघता म्हणाले. "नेहमीसारखाच."

"हो, ऐकलं."

ती भावाजवळ येऊन उभी राहिली. पंच पिशवी आवळून धरत अर्धवट उठले. तिनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं, लहानपणी बसवत असेल तसं.

"तू ह्यांना खेळी परत दिलीस ना," ती म्हणाली, "तेव्हाच कळलं मला."

दाजी पटावरच्या आडव्या पडलेल्या राजाकडे बघत राहिले.

"मग तेव्हाच का नाही आलीस बाहेर?" त्यांनी शेवटी विचारलं.

"तुम्ही इतकं मन लावून हरत होतात. म्हटलं, होऊ दे पुरतं."

दाजी हसायला गेले आणि त्यांना रडू फुटलं. ताईनं पट उचलून बाकावर ठेवला, सोंगट्या घरंगळल्या तशा घरंगळू दिल्या, आणि टेबलाची तेवढी जागा पदरानं पुसून घेतली.

"काढ तो कागद," ती भावाला म्हणाली. "आणि सगळा वाच. मधलं काही गाळू नकोस."