पाठमोरे विश्वंभरकाका

आई गेल्यानंतर विश्वंभर बापटांच्या घरात पुन्हा माणसांचा गलबला झाला तो सिनेमामुळे.

दिवेआगरला समुद्राकडे उतरणाऱ्या रस्त्यावर त्यांचं घर, मागे नारळी-पोफळीची वाडी. वादळात आडव्या झालेल्या पोफळींच्या जागी लावलेली रोपं आता त्यांच्या डोक्यावर गेली होती. वीज मंडळातली नोकरी संपली होती. लग्न करायचं राहून गेलं होतं. आईची शेवटची वर्षं अंथरुणात गेली. तिचं सगळं त्यांनीच केलं. त्या काळात दिवस कसा संपायचा ते कळायचं नाही. ती गेल्यावर दिवस संपेना. बहीण ठाण्याला, ती गणपतीत यायची. शिंपण्याला रंगू यायचा, पण तो मुळातच अबोल. "पंप बंद केलाय काका. उद्या येनार न्हाय," एवढं बोलून सायकलवर बसायचा. कधी कधी विश्वंभरांच्या लक्षात यायचं, की आज आपण तोंड उघडलं ते फक्त जेवायला.

जानेवारीतल्या एका दुपारी निवेदिता आली. बोर्लीच्या शाळेत शिक्षिका, चाळिशीची, स्कूटरवरून उतरतानाच बोलायला सुरुवात करणारी.

"काका, आमचं हौशी फिल्म मंडळ आहे बोर्लीत. दरवर्षी एक छोटा सिनेमा करतो. यंदा आम्हाला एक घर हवंय. ओटी, झोपाळा, मागे वाडी. तुमचं दाखवलं कुणीतरी."

"बघा की," विश्वंभर म्हणाले.

तिने घर बघितलं, फोटो काढले, आणि जाता जाता त्यांच्याकडेच बघत उभी राहिली. "वडलांचं काम कराल का? आमचे वडील करणारे पनवेलला मुलाकडे गेले. बोलायचं फारसं नाहीये. बाप रुसलेला आहे."

"मला नाटकबिटक येत नाही हो."

"येणाऱ्यांचाच त्रास होतो," निवेदिता म्हणाली.

मंडळ म्हणजे पाचसात माणसं. सलिलचं बोर्लीत औषधाचं दुकान, यंदा दिग्दर्शन त्याच्याकडे. सुजित एरवी लग्नांचे व्हिडिओ काढायचा, कॅमेरा त्याचा. मुलीचं काम करणारी प्राप्ती श्रीवर्धनला नर्सिंग शिकून नुकतीच मोकळी झाली होती. बाकीचे जमेल तसे यायचे. दिवाळीनंतर एकदा सगळ्यांनी बसायचं, लिहून आणलेल्या गोष्टी वाचायच्या आणि हात वर करून एक निवडायची, अशी त्यांची पद्धत. एका वर्षी ज्याने दिग्दर्शन केलं, त्याने पुढच्या वर्षी दिवे उचलायचे. कुणी कुणाला मानधन द्यायचं नाही. ज्याच्या घरी शूटिंग त्याने चहा करायचा, जेवण ज्याने त्याने डब्यात आणायचं. सगळे नोकरी-धंद्याचे, त्यामुळे काम फक्त रविवारी.

निवेदिताकडे आखणी होती. शुक्रवारी मोबाईलवर तिचा निरोप यायचा: कोण किती वाजता, कुठे, कुठल्या कपड्यांत. गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत ओळीने काढत नाहीत, हे विश्वंभरांना तेव्हा कळलं. ओटीवरचे सगळे प्रसंग एका रविवारी, स्वयंपाकघरातले दुसऱ्या. त्यामुळे सिनेमातला बाप आधी मुलीवर चिडला, आणि ती मुलगी घरी आली त्यानंतर पंधरा दिवसांनी. प्रत्येक शॉट झाला की निवेदिता फोटो काढायची. शर्टाचं वरचं बटण लावलेलं होतं का, कपात चहा किती उरला होता, पंचा कुठल्या खांद्यावर होता. "पडद्यावर हे सगळं एकाच दिवशी घडतंय ना," ती समजावायची. "तेव्हा काका, शूटिंग संपेपर्यंत केस कापायचे नाहीत आणि मिशीला हात लावायचा नाही."

विश्वंभर नुसत्या चहावर थांबले नाहीत. पहिल्या रविवारी त्यांनी पोहे केले, दुसऱ्या रविवारी घावने आणि ओल्या नारळाची चटणी. सलिल तोंडात घास घेऊन म्हणाला, "काका, पुढच्या सगळ्या सिनेमांत आता बापाचंच घर ठेवू." सगळे हसले. विश्वंभर त्या वाक्यावर आठवडाभर जगले. सोमवारी भांडी घासून जागेवर लावायची, मंगळवारी वाडीत, बुधवारपासून रविवारी काय करायचं याचा विचार. शनिवारी तांदूळ भिजत घालताना ते चक्क शीळ वाजवत.

शूटिंगच्या वेळी सलिल ओरडायचा, "शांत!" आणि सगळं घर गप्प व्हायचं. ही शांतता त्यांच्या ओळखीची नव्हती. सहा-सात माणसं श्वास धरून उभी आहेत, कोपऱ्यात प्राप्ती हसू दाबतेय, सुजितच्या कपाळावरून घाम ओघळतोय. आणि एवढी सगळी माणसं आपल्याकडे बघताहेत. आई सोडून कुणी इतका वेळ आपल्याकडे बघितलं असेल, असं त्यांना आठवेना.

मार्चमधल्या एका रविवारी संध्याकाळी सुजित वायर गुंडाळत म्हणाला, "चला काका, घरातलं काम संपलं. आता तुम्हाला त्रास नाही."

"संपलं?"

"घरातलं संपलं. पुढच्या रविवारी दिघीची जेटी. मुलगी फेरीबोटीतून जाते, बाप जेटीवर उभा. तो शेवटचा शॉट. मग झालं."

मंडळींनी ओटीवरची माती झाडली, हलवलेला झोपाळा जागेवर आणला, झोपाळ्याच्या कड्यांना तेल लावूनही दिलं. टेम्पो निघून गेला. विश्वंभर पायरीवर बसून राहिले. मग उठून त्यांनी डब्यात उरलेले घावने पाहिले. ते त्यांना दोन दिवस पुरले.

तो आठवडा फार लांबला. शुक्रवारी निवेदिताचा निरोप आला: सकाळी आठ, दिघी, पांढरा शर्ट, काळी छत्री. शनिवारी सकाळी दाढी करायला ते आरशासमोर बसले. गालांवरून वस्तरा फिरवून झाला. मग त्यांचा हात थांबला. मिशी काढली, तर ती पुन्हा पहिल्यासारखी व्हायला महिना तरी लागणार. म्हणजे महिनाभर काम अडेल. महिनाभर निवेदिता फोन करील, किती वाढली म्हणून बघायला कुणीतरी येईल. कदाचित सलिल म्हणेल, घरातला एखादा प्रसंगही पुन्हा घेऊ. त्यांनी एवढाच विचार केला. वस्तरा दोनदा फिरला, आणि आरशात त्यांच्या आईचा वरचा ओठ दिसू लागला.

रविवारी ते एसटीने दिघीला पोचले तेव्हा मंडळी टपरीवर चहा घेत होती. पहिल्यांदा बघितलं ते प्राप्तीने. तिने कप खाली ठेवला.

"काका, हे काय?"

"दाढी करताना जरा... एका बाजूची जास्त उडाली. मग सगळीच काढली," विश्वंभर म्हणाले. वाक्य त्यांनी एसटीत घोकलं होतं. "वाढेल की. महिनाभरात होईल पूर्वीसारखी. तोवर थांबू आपण."

सलिलचा चेहरा पडला. "थांबू? काका, प्राप्ती बुधवारी पुण्याला चाललीय. हॉस्पिटलात नोकरी लागलीय तिला. आज शेवटचा दिवस होता आपल्याकडे."

विश्वंभरांनी प्राप्तीकडे पाहिलं. "मला बोलली नाहीस."

"गेल्या रविवारी बोलणार होते," ती म्हणाली. "पण तुम्ही सारखे आत-बाहेर करत होतात. वाढत होतात सगळ्यांना."

सलिल टपरीपासून लांब गेला आणि पाण्याकडे तोंड करून उभा राहिला. "दोन महिने," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "दोन महिने दुकान वडलांवर टाकून येतोय मी." सुजितने कुणाच्या तरी पिशवीत शाळेच्या स्नेहसंमेलनातली चिकटवायची मिशी शोधून काढली. ती विश्वंभरांना लावली तेव्हा एका कोळणीने बोट दाखवून हसायला सुरुवात केली. मिशी परत पिशवीत गेली. या सगळ्या वेळात विश्वंभर छत्री दोन्ही हातांनी धरून उभे होते. घरी जावं म्हटलं तर त्या वेळी एसटीही नव्हती.

शेवटी सुजितच म्हणाला, "पाठीमागून घेऊ. बाप पाठमोरा, समोर बोट लांब जातेय. तोंड दाखवायचंच नाही."

"अख्खा शेवट पाठमोरा?" सलिल म्हणाला. पण दुसरं काही हातात नव्हतं.

प्राप्ती बॅग घेऊन फेरीबोटीत चढली. गाड्या लागल्या, माणसं चढली, बोट सुटली. विश्वंभर जेटीच्या टोकाला उभे. मागून सलिलचा आवाज आला, "काका, हलायचं नाही. मी सांगेन तेव्हा फक्त हात वर करा. अर्धाच. त्याला करायचाय, पण धीर होत नाही, असा."

बोट आगरदांड्याच्या दिशेने निघाली. प्राप्ती कठड्याला टेकून त्यांच्याकडे बघत होती. बुधवारी ही खरीच जाणार, हे तेव्हा विश्वंभरांच्या मनात उतरलं. गेले दोन महिने आपण तिला घावने वाढत होतो आणि तिला काय शिकलीस, कुठे जाणार, एवढंही विचारलं नाही. या मंडळींपैकी कुणालाच आपण काही विचारलं नाही. आपल्याला ही सगळी फक्त घरात हवी होती. त्यांचे डोळे भरून आले, ओठ थरथरू लागला, आणि तो झाकायला वर काही नव्हतं. कॅमेरा मागे होता. समोर फक्त प्राप्ती. तिने बॅग खाली ठेवली आणि सिनेमात ठरलं नव्हतं तरी दोन्ही हात उंच करून हलवले.

"हात, काका!" सलिल ओरडला.

त्यांचा हात अर्धा वर गेला आणि तिथेच राहिला.

दुपारी सामान टेम्पोत चढल्यावर निवेदिता त्यांच्यापाशी आली. जेटीच्या कट्ट्यावर दोघं बसली.

"काका, मुद्दाम काढलीत ना?"

विश्वंभरांनी छत्री मांडीवर आडवी ठेवली. मग म्हणाले, "हो."

"नुसता फोन केला असतात तरी आलो असतो आम्ही."

"काय म्हणून करायचा फोन? या म्हणून? आणि तुम्ही विचारलं असतंत, काय काम आहे, तर काय सांगणार होतो?"

निवेदिता खरं बोलणारी बाई होती, त्यामुळे तिने उगीच समजूत घातली नाही. ती म्हणाली, "सलिलला मी हे बोलणार नाही. पण तुम्ही त्याला बोला कधीतरी. तो वाईट नाही."

त्यानंतर कुणी आलं नाही. एप्रिलमध्ये परीक्षा, मग लग्नसराई, सगळे आपापल्या कामात. प्राप्तीचा पुण्याहून एकदा फोन आला. रात्रपाळी होती, पाच मिनिटं बोलली. विश्वंभरांनी तिला हॉस्पिटल कसं आहे, खोलीत बरोबर कोण आहे, जेवणाचं काय, हे सगळं विचारलं.

जूनच्या आधी शाळेच्या हॉलमध्ये सिनेमा दाखवला. गावातली साठएक माणसं आली होती. शेवट सुरू झाला आणि हॉलमधली कुजबूज थांबली. पडद्यावर पांढऱ्या शर्टातला म्हातारा, पलीकडे लहान होत जाणारी बोट, आणि अर्ध्यावर अडकलेला हात. विश्वंभरांनी स्वतःची पाठ आयुष्यात पहिल्यांदा बघितली. ती इतकी वाकलेली असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. पुढच्या रांगेतल्या एका बाईने पदर डोळ्यांना लावला.

नंतर लोक सलिलच्या पाठीवर थाप देत होते. "शेवट काय केलायस! बापाचं तोंडच दाखवलं नाहीस!" सलिल हसत होता. विश्वंभर गर्दी ओसरेपर्यंत थांबले आणि मग त्याला बाजूला घेऊन त्यांनी मिशीचं सांगितलं. सलिलने ऐकून घेतलं. "तेव्हा सांगितलं असतंत तर मारामारीच झाली असती," तो म्हणाला. तो हसला नाही, पण विश्वंभरांचा हात धरून जरा वेळ उभा राहिला. मग त्याला कुणीतरी हाक मारली.

दिवाळीनंतर मंडळ बसलं तेव्हा निवेदिताने त्यांनाही बोलावलं. यंदाची निवडलेली गोष्ट उरणच्या मिठागरांवरची होती. तिच्यात म्हाताऱ्याचं काम नव्हतं, आणि दिवेआगरच्या घराचंही नव्हतं. निवेदिता एकेक काम पुकारत होती. माईकची लांब काठी धरायला कुणी तयार होईना. हात भरून येतात आणि पडद्यावर दिसत तर नाहीच.

"मी धरतो," विश्वंभर म्हणाले.

"झेपेल काका? उरण लांब आहे. पहाटे निघावं लागेल."

"मला कुठे कुणी अडवणार आहे?"

काम त्यांच्या नावावर लागलं. बैठक संपली, जो तो आपापल्या गाडीवरून निघून गेला. विश्वंभर शेवटच्या एसटीने दिवेआगरला उतरले. कुलूप काढलं, दिवा लावला, एका माणसापुरता भात टाकला. मग अंगणातली नारळ उतरवायची काठी आत आणली आणि ओटीवर उभं राहून ती दोन्ही हातांनी डोक्यावर धरून बघितली. पाचएक मिनिटांत खांदे भरून आले. भाताचं झाकण खडखडू लागलं तेव्हा त्यांनी काठी भिंतीला टेकवली आणि आत गेले.