सारवलेली भेग

“जमीन बरी हाय ना, सायब?”

चौपन्न वर्षं होत आली, तरी केरूचा तो आवाज हायेम झिराडकरांच्या कानातून गेला नव्हता. एकाहत्तरच्या लढाईत, सीमेवर, पाऊल उचलण्याआधी त्यांच्या तुकडीतल्या केरूनं विचारलं होतं. पुढच्याच पावलाला केरूचा पाय भूसुरुंगावर पडला नि तो जागीच गेला. बाकीच्या तिघा जखमींना एकेक करून पाठीवर घेऊन माघारी आणलं, म्हणून लेफ्टनंट हायेमना शौर्यपदक मिळालं. पुढं त्यांनी वर्दी उतरवली नि भूगर्भशास्त्र शिकले. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, नातलग हसायचे, पदक पेटीत ठेवून हा आपला दगड गोळा करतो!

आज नागपंचमी. आठ दिवस पाऊस उघडला नव्हता. राजापूरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटाशी केरूचं घर. वाडीतले बाकीचे लोक कालच शाळेत राहायला गेले होते. शहात्तर वर्षांचे हायेम काठी टेकत मागच्या पडवीत शिरले आणि थबकले.

काल पडवीतल्या भेगेच्या दोन्ही काठांना त्यांनी खुंट्या ठोकल्या होत्या, अंतर वाढतं का ते मोजायला. आज खुंट्या नव्हत्या. भेगही नव्हती. शेणमातीनं सारवलेली गुळगुळीत भुई, नि तिच्यावर तांदळाच्या पिठाचा नाग.

“सगुणाबाई, खुंट्या कुठं गेल्या?”

“उपटल्या,” केरूची बायको शांतपणे म्हणाली. “नागोबाच्या दिवशी भुईत खुटी ठेवतात? आज आमी चुलीवर तवापण ठेवत नाय. तुमच्यात चालत असंल.”

“आमच्यात शनवारी चूलच पेटत नाही.”

“मग झालं तर! तुमी तुमचा शनवार पाळा, मी माझी पंचमी पाळते.”

हायेम हसले नाहीत. ते वाकले. सारवण सकाळचं, अजून ओलं. आणि नागाच्या फण्यातून केसाएवढी रेघ आरपार गेलेली. त्यांनी नख लावलं. नख गेलं. मग करंगळी गेली. परसातला झरा कालपर्यंत नितळ होता, आज लाल गढूळ वाहत होता. वरचं काजूचं झाड घराकडं कललं होतं. दरड सुटायच्या बेतात होती.

“उठा. शाळेत चला. आत्ता.”

नातसून वैष्णवी दारात उभी होती, तान्ही सानवी कडेवर, हातात भरलेली पिशवी. “मी कवाची सांगते. आजी हलल्याबिगर मी नाय हलणार.”

“नागोबा माझा भाऊस,” सगुणा म्हणाली. “तो घर राखील. आणि सायब, ह्ये गेले तवा तुमीच माज्या दारात येऊन बोल्ला होतात ना, जमिनीखालचं कुणालाच दिसत नाय? मग आज कसं दिसतंय?”

बाण वर्मी लागला. ते वाक्य त्यांचंच होतं. त्या वाक्याच्या आडोशाला ते इतकी वर्षं दडून राहिले होते. दर साली या घरचा मोदक खाताना ते सगुणाच्या नजरेला नजर देत नसत.

डोंगरात काहीतरी करकरलं.

“मला दिसलं होतं,” हायेम म्हणाले.

“काय दिसलं होतं?”

ते वळले नि पावसात उतरले. “सायब! काय दिसलं होतं?” सगुणा उठली, अनवाणी मागं आली. तिच्यामागं लेकराला पदराखाली धरून वैष्णवी. पायवाट लाल पाण्यानं भरली होती. काठी घसरत होती. प्रत्येक पावलाला हायेमना वाटत होतं, आता भुई जाईल. खालच्या रस्त्याच्या मोरीपलीकडं, कातळावर पाय टेकला तेव्हा कुठं ते थांबले. मागं काजू कडाडून मोडला. पडवीचं कौल न् कौल खाली वाहत गेलं. वैष्णवी किंचाळली. सगुणानं मात्र मागं पाहिलं नाही. तिनं त्यांची बाही घट्ट धरली होती.

“काय?”

“माती ताजी उकरलेली दिसली होती, सगुणाबाई. केरूनं मला विचारलं, जमीन बरी आहे ना. माघारी फिरलो तर भित्रा म्हणतील, म्हणून मी म्हणालो, बरी आहे.”