खाली उतरणारा धूर

हज करून आलेल्या म्हणून हाग्गा म्हणवणाऱ्या इन्शिराहच्या अंगणात बायकांची नुसती झुंबड उडाली होती. मधोमध दृष्ट उतरवायला आलेला शेख मुतावल्ली आणि त्याच्यापुढे पितळी भांडं. खाली निखारा नाही, चूल नाही, तरी भांड्यातून पांढरा धूर ओसंडत होता.

"दृष्ट इतकी जबर आहे, की माझे पाळलेले जिन्न पण घाबरले!" शेख गरजला. मंत्र पुटपुटत त्याने चिमट्याने गुलाब भांड्यात बुडवला आणि बाहेर काढून टिचकी मारली. फुलाच्या ठिकऱ्या उडाल्या. मग त्याने हाग्गाच्या नातीची, सलसबीलची, इन्सुलिनची कुपी बुडवली. ती तडकली.

"मेला तो दुष्ट जिन्न! औषधातच लपला होता. आजपासून पोरीची सुई बंद!"

बायकांनी आनंदाने किलकाऱ्या मारल्या. दारात उभी इब्तिहाल मात्र गर्दीतून वाट काढत पुढे आली. ती हाग्गाची लेक, सलसबीलची मावशी, शाळेत विज्ञान शिकवणारी. सुई थांबली तर पोर हातची जाईल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिचा संशय त्या धुरावर होता. ऊद जाळला तर धूर वर जातो. हा मात्र जमिनीवरून बायकांच्या पायांत सरपटत होता. असा धूर ती दरवर्षी वर्गात दाखवत असे.

"शेखसाहेब, जरा बोट बुडवा की त्यात. बरकत तर तुमच्याच हाताला आहे."

शेखने हात अंगरख्यात लपवला. "मास्तरीणबाई, श्रद्धेची परीक्षा बघू नये!"

"मग मुलुखियाची बघते." तिने निवडायला ठेवलेल्या भाजीची काडी चिमट्यात धरून बुडवली आणि मंत्राऐवजी खणखणीत आवाजात साताचा पाढा म्हटला. टिचकी मारताच भाजीचा चुरा झाला.

"आई, तुझ्या भाजीलाही दृष्ट लागली म्हणायची?"

अंगणात खसखस पिकली.

"हा नायट्रोजन. आपल्या श्वासातल्या हवेतलाच वायू, भयंकर थंड करून पातळ केलेला. गुरांच्या दवाखान्यात कृत्रिम रेतनाच्या कांड्या यातच ठेवतात. यात फुलातलं, पानातलं पाणी गोठतं, म्हणून ती काचेसारखी फुटतात. कुपीतही पाणीच गोठून फुगलं, आई. जिन्न कसला!"

हाग्गाने नातीला जवळ ओढलं. "आणि मी हिची सुई बंद करणार होते," ती म्हणाली.

शेख भांडं उचलून पळत सुटला. हाग्गाने खिडकीतला पाण्याचा मातीचा कुजा उचलला आणि त्याच्या पाठीमागे उंबऱ्यावर फोडला. जो पाहुणा पुन्हा नको, त्याला आम्ही इजिप्तचे लोक असाच निरोप देतो.

बायांनो, बाबांनो, चमत्कारापुढे हात जोडण्याआधी एवढंच तपासा: मंत्र वगळला तर तो अडतो का?

इब्तिहालने फ्रीजमधली दुसरी कुपी आणली. सलसबीलने आपणहून बाही वर केली. "आजी, आधी सुई, मग मुलुखिया," ती म्हणाली.