एका कानानं बहिरी लाईन

रिसोडच्या बाहेर रामरावांची सोयाबीन तेलाची मिल आहे आणि तिथलं नेटवर्क स्नेहा सांभाळते. ऑफिस आणि वजनकाटा यांच्यामध्ये फायबरच्या दोन लाईनी, दोन्ही टोकांना त्या जोडणारं स्विच नावाचं एकेक यंत्र. एक चालू, दुसरी पहिली तुटलीच तर कामाला यायची. त्या सकाळी ऑफिसच्या स्विचनं दुसरी लाईन आपणहून बंद केली आणि रामरावांच्या भिंतीवरच्या स्क्रीनवर तांबडा ठिपका उमटला. मिलमध्ये आपल्याशिवाय दुसरं कोणी लालबुंद झालेलं रामरावांना खपत नसे.

“हे काहून बंद हाय?”

“स्विच म्हणते, लाईन एकतर्फी झाली, भाऊ.”

“स्विच म्हणते! मी म्हणतो चालू कर!”

स्नेहानं दोन्ही टोकं पाहिली. दिवे हिरवे. त्या लाईनीवर फायबर स्विचला जोडणारे जुने कन्व्हर्टरचे डबे होते. केबलमधली तार तुटली तरी त्यांचे दिवे सत्कारातल्या पाहुण्यांसारखे हसतच राहायचे. हे तिला ठाऊक होतं. पण रामराव मानगुटीवर बसलेले, जेवणाचा डबा गार होत चाललेला, आणि खरं सांगायचं तर तिलाही त्या शहाण्या स्विचचा राग आलेला. तिनं एकतर्फीपणाची तपासणीच बंद केली आणि लाईन उघडली. ठिपका हिरवा झाला. रामराव असे खुलले, जणू फायबर त्यांनीच जोडली.

चहा संपायच्या आत मिल गपगार पडली. काट्याचा कॉम्प्युटर अडकला, प्रिंटर अर्धी पावती ओकून थांबला, कॅमेऱ्यात माणसं एक पाय उचलून उभी राहिली. ट्रॅक्टरांची रांग सडकेपर्यंत गेली. बिलाच्या खिडकीत रामरावांच्या बायको, सोजरबाई, बसलेल्या. शेतकरी त्यांच्यावर ओरडू लागले.

“माह्यावर नका ओरडू बाप्पा,” त्या म्हणाल्या. “मालक तिकडं बसले हायेत. तेईले ओरडाची सवय हाय.”

 स्नेहा धावत गेली आणि दुसरी लाईन उपटूनच काढली. क्षणात प्रिंटरनं उरलेली पावती ओकली.

मग ती केबलच्या मागं मागं भिंतीनं चालत गेली. गोदामाच्या कोपऱ्यावर रामरावांचा वाढदिवसाचा फलक होता: काळा गॉगल, कानाला मोबाईल, खाली ‘धडाडीचे नेतृत्व’. फलकाचा खिळा सरळ केबलच्या पाइपात घुसला होता.

“भाऊनंच जागा दाखवली,” फलक लावणारा गोपीचंद म्हणाला आणि हातोडी पाठीमागं लपवली.

रामराव आले. मागून सोजरबाई, त्यांच्यामागं निम्मी रांग.

“केबलमधी दोन तारा असतात, भाऊ,” स्नेहा म्हणाली. “एक बोलाची, एक आयकाची. खिळ्यानं एकच तुटली. काट्याचं बोलणं ऑफिसले येते, ऑफिसचं काट्याले जात नाई. दोन लाईनी संगच उघड्या राह्यल्या तर माहिती गोल गोल फिरते, म्हणून काट्याचा स्विच एक दाबून ठेवते. ऑफिसचा आवाज येनं बंद झाला, तसं त्याले वाटलं, तिकडं कोनी नाई. त्यानं दुसरी उघडली अन् सारं फिरतच राह्यलं.”

“मंग सकाळी ऑफिसच्या स्विचले कसं समजलं?”

“स्विच एकमेकाईले नाव सांगतात. मी अमका, मले तमका आयकू आला. शेजाऱ्याच्या सांगन्यात आपलं नाव नसन, तर समजायचं, आपलं बोलनं पोचतच नाई. मंग तो दार लावून घेते.”

रामराव हसले. “असं असतं, तर आमच्या हिनं कवाच दार लावलं असतं!”

“लावेल हाय,” सोजरबाई म्हणाल्या. “तुमालेच समजलं नाई.”

रांग खदखदली. गोपीचंदनं हसू लपवायला फलकाकडं तोंड केलं, तर तिथंही रामरावच.

मंडळी पांगल्यावर स्नेहा रामरावांजवळ गेली. “भाऊ, तपासणी मीच बंद केली होती. तिनंच बरोबर सांगतलं होतं.”

“मी म्हटलं म्हणून केली ना?”

“हो. पन मले समजत होतं.”

रामरावांनी तिच्याकडं पाहिलं, मग सोजरबाईंच्या खिडकीकडं.

“हिले सांगू नको,” ते हळूच म्हणाले.

तिनं आधी तपासणी चालू केली. मग डबा उघडला. भाकर कडक झाली होती.