खुंटीवरची सीडी

कामाच्या फायली सीडीवर उतरवायच्या आणि जुनी सीडी पुसून पुन्हा वापरायची, ही त्या नकाशे काढणाऱ्याची जुनी सवय. पुसायच्या सीड्या बायको खुंटीला अडकवायची आणि जपायच्या खणात ठेवायची. ती गेल्यावरही त्याने तेच चालू ठेवलं. आज खुंटीवरची सीडी कॉम्प्युटरमध्ये घालून त्याने पुसायचं बटण दाबलं, तोच लेक आत आली.

"बाबा, खण आवरला हं. सगळ्या सीड्या खुंटीला अडकवल्यात."

"सगळ्या?" तो गर्रकन वळला. "आईचा आवाज भरलेलीसुद्धा?"

"हो. का?"

कॉम्प्युटर घरघरत होता. कितीही बटणं दाबली तरी सीडी बाहेर येईना. बायकोचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता.

पडद्यावर अक्षरं उमटली : ही सीडी पुसता येत नाही.

सीडी बाहेर आली. बायकोचीच होती. एकदाच भरता येणारी सीडी तिने मुद्दाम आणली होती. "तुमचे हात पुसायला शिवशिवतात, म्हणून ही वेगळी," असं ती हसत म्हणाली होती.

"लावू या?" लेकीने भीतभीत विचारलं.

"आज नको गं." त्याने सीडी खणात ठेवली आणि खणाला कुलूप घातलं.