पाच पिढ्यांचा कागद

सुहासिनीनं पिल्लाचा एक कान उलटा करून आत पाहिलं, मग दुसरा. मग ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. पांढऱ्या अंगावर तांबूस ठिपके असलेलं ते पाच आठवड्यांचं पिल्लू. त्याला हा सगळा लाडाचाच प्रकार वाटत होता. त्यानं तिच्या बांगडीला दात लावून पाहिले.

"आई, तू भेंडी घेते तसं चेक करतेय," उर्वी म्हणाली.

"मग काय तुझ्या बाबांसारखं बघू?"

उर्वी हसली. पेढा घरात आला तेव्हा ती दहा वर्षांची होती. तोही याच जातीचा, कॅव्हलियर, असेच लोंबते कान. बाबांनी, म्हणजे विनयनं, तेव्हा कुत्र्याकडे धड पाहिलंच नव्हतं. त्यानं पाहिला होता कागद. पेढ्याच्या पाच पिढ्यांची नावं त्यावर होती आणि बक्षीस मिळवलेल्यांची लाल शाईत. विनयनं तो फ्रेम करून फोनच्या वर लावला आणि लंडनच्या एजवेअरमधल्या झाडून सगळ्या मराठी मंडळींना दाखवला. "मुलाकडची माणसं तोलामोलाची आहेत हो," असं गंभीर चेहऱ्यानं सांगायचा. पेढ्याचं आजोळ त्याला तोंडपाठ होतं. पेढ्याच्या हृदयाचं मात्र कुणी विचारलं नाही. आपल्या माणसांचं असंच असतं, घराणं चांगलं म्हटलं की पुढचं विचारायला जीभ रेटत नाही. सहाव्या वर्षी पेढा जिना चढताना मधल्या पायरीवर बसायला लागला. विनय त्याला उचलून वर न्यायचा आणि साहेबांची स्वारी आली म्हणायचा. सातवं वर्ष काही पेढ्यानं पाहिलं नाही.

विनयही हृदयानंच गेला, सहा वर्षांपूर्वी. इस्पितळात डॉक्टरांनी घरचा इतिहास विचारला, तेव्हा पुण्याहून उर्वीच्या आत्यानं फोनवर रडत सांगितलं की आजोबा, घरात सांगत तसे, टायफॉइडनं गेलेच नव्हते. तेही असेच, छत्तिसाव्या वर्षी, चालता बोलता. मग उर्वीची तपासणी झाली. आजार तिच्यातही उतरला होता. अजून त्रास काही नव्हता. रोज एक गोळी आणि वर्षातून एकदा स्कॅन. पण ज्याच्याशी लग्न करायचं तिनं मनाशी ठरवलं होतं, त्या मिहीरला तिनं हे सांगितलं नव्हतं. पुढच्या शनिवारी त्याचे आईवडील नागपूरहून येणार होते. त्याआधी सांगून टाकते, असं उर्वीचं म्हणणं. आधी ठरू तर दे, असं सुहासिनीचं. दोन महिने मायलेकी यावरून धुसफुसत होत्या. आजचा दिवस तेवढा कुत्र्याच्या निमित्तानं गोडीत चालला होता.

पॅटनं चहाचे मग टेबलावर ठेवले आणि एक जाडजूड फाइल उघडली. केंटमधल्या या घरात ती तीस वर्षं ही कुत्री वाढवत होती. स्वयंपाकघरात ओल्या कुत्र्याचा आणि भाजलेल्या ब्रेडचा वास होता.

"हा तिच्या आईचा हार्ट स्कॅन, हा वडिलांचा," ती म्हणाली. "दोन्ही स्वच्छ आहेत. पण एक गोष्ट या कागदांत नाही, ती मी तोंडानं सांगते." तिनं भिंतीवरच्या एका फोटोकडे बोट दाखवलं. "ही रोझी, पिल्लाची आजी. आठव्या वर्षी गेली. हृदयाची झडप. या जातीत ते रक्तातच आहे. मी निवडून निवडून कमी करत आणलंय, संपलं असं नाही म्हणणार. तुमचा पहिला यातच गेला म्हणालात, म्हणून म्हणते, घरी जा, विचार करा. नाही म्हणालात तर मला राग येणार नाही."

उर्वीनं आईकडे पाहिलं. मुद्दाम पाहिलं, आणि सुहासिनीला ते समजलं.

"रोझी गेली तेव्हा तुम्ही काय केलंत?" सुहासिनीनं विचारलं.

"रडले," पॅट म्हणाली. "दुसरं काय करणार?"

सुहासिनीनं पिल्लाला छातीशी घेतलं. ते तिच्या कार्डिगनच्या आत तोंड खुपसून बसलं.

"मला हीच हवी," ती म्हणाली.

"आई, यू डोंट हॅव टू डिसाइड टुडे. तू ऐकलं ना ती काय बोलली?"

"ऐकलं. म्हणूनच."

तीन आठवड्यांनी पिल्लू न्यायला यायचं ठरलं. उर्वीनं गाडी गावाबाहेर काढली. मग एका पबच्या रिकाम्या पार्किंगमध्ये तिनं गाडी आत घातली आणि इंजिन चालू ठेवूनच थांबली.

"पॅटनी एका डॉगसाठी खरं सांगितलं. बाबांकडच्या आजीनी तुझ्यासाठी नाही सांगितलं. आणि तू मला सांगते, मिहीरशी तसंच कर."

"मला माहीत होतं," सुहासिनी म्हणाली.

"काय?"

"तुझ्या बाबांच्या घरचं. लग्नाआधीपासून."

उर्वी पूर्ण वळून बसली.

"कोल्हापूरला ते मला बघायला आले होते. पोहे झाले, पत्रिका जुळत होत्या, सगळे खूश. मग आम्हाला दहा मिनिटं गॅलरीत बोलायला सोडलं. मला वाटलं, विचारेल, इंग्लंडला राहाल का, सिनेमा आवडतो का. त्यानं कठडा धरला आणि म्हणाला, माझे वडील टायफॉइडनं नाही गेले, हृदयानं गेले, काकाही तसेच गेले. आत सांगणार नाहीत, म्हणून मी सांगतोय. तुम्ही खुशाल नाही म्हणा." सुहासिनीनं सीटबेल्ट सोडला. "कपाळावर घाम आला होता गं त्याच्या. मला तो तिथेच आवडला. मी म्हटलं, मला सांगितलंत ना, मग आता माझ्या वडिलांना सांगू नका. ते लग्न मोडतील."

"आणि नंतर? पूर्ण लाइफ तू काहीच नाही बोलली? मी आजीशी बोलायचं बंद केलं, आई. तिचे फोन येत होते, मी घेतले नाही. ती गेली तरी मी नाही बोलले."

"हो."

"तू बघत होती."

"बघत होते. तुझा राग तिच्यावर होता तोवर माझ्याकडे वळत नव्हता. चुकलंच माझं."

समोरच्या शेतात मेंढ्या चरत होत्या. उर्वीनं डोळे बाहीला पुसले, पेढा गेला त्या दिवशी पुसले होते तसेच.

"बाबांनी तुला सांगितलं, आणि म्हणून तू हो म्हटली," ती हळू म्हणाली. "मग मला का नको म्हणते?"

"तुझे बाबा होते तशीच तूही आहेस, सांगून मोकळी होशील. पण मिहीर माझ्यासारखा नसला तर?"

उर्वीनं फोन घेतला आणि दार उघडलं.

"मग नसेल," ती म्हणाली.

ती कुंपणापर्यंत चालत गेली आणि गाडीकडे पाठ करून उभी राहिली. फोन कानाला लागला. "मिहीर, बिझी आहेस?" एवढं वाऱ्यावर ऐकू आलं. तिच्या बाजूची काच चार बोटं उघडी होती. सुहासिनीनं हात लांब करून बटण दाबलं आणि काच पूर्ण वर केली.